तेलाला बसायला जागा

आप्पांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. डाय तपासायची असली की ते मान चक्क गेटकडे वळवायचे आणि उजव्या अंगठ्याचं नख पोलादावरून सावकाश ओढायचे. तेवढं एकच नख त्यांनी राखलं होतं, बाकीची नऊ बारीक कापलेली. माझ्याकडे पृष्ठभागाचा खरखरीतपणा मोजायचं यंत्र होतं, त्यावर आकडा यायचा. आप्पा विचारायचे, "काय म्हणतंय तुमचं यंत्र?" मी आकडा वाचायचे. "मग बराबर हाय की यंत्र," असं म्हणून ते पुढच्या कामाला लागायचे. मला असा राग यायचा म्हणून सांगू!

कुपवाडच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. सपाट पत्रा प्रेसखाली दाबून त्याच्या खोल वाट्या काढायच्या. त्या पुढे पाण्याच्या पंपाच्या मोटरीवर टोप्या म्हणून बसतात. ज्या पोलादी साच्यातून पत्रा आत ओढला जातो ती डाय. तिला घासून तयार करायचं आणि तेल कालवून पत्र्याला लावायचं, ही दोन्ही कामं आप्पांची. मी इंजिनिअर होऊन नुकतीच क्वालिटीला लागले होते. बाई म्हणून माझ्याकडे जरा गमतीनंच बघायचे सगळे. पहिल्यांदा मी घासायचा दगड हातात घेतला तेव्हा दोघंतिघं हसले. आप्पा त्यांच्यावर खेकसले, "तोंड काय बघताय तिचं? हात बघा. तुमच्यापरास हलका हाय." त्या दिवसापासून त्यांनी मला शिकवायला घेतलं.

तेलाच्या बाबतीत ते कंजूष म्हणावेत इतके काटेकोर होते. नव्या माणसाने पत्र्यावर तेल ओतलेलं दिसलं की कपाळाला हात लावायचे. "आरं, तेल लावायचं हाय, आंघूळ न्हाई घालायची!" पत्र्याची डायकडची बाजू ते ब्रशने हलकेच ओली करायचे आणि वरून दाबणाऱ्या पंचाकडची बाजू फडक्याने कोरडी पुसायचे. मी विचारलं, दोन्हीकडे लावलं तर आणखी बरं नाही का? "आवं ताई, वरनं पत्रा धरून ठिवायचा हाय, खालनं सोडायचा हाय. दोन्हीकडं चोपडल्यावर त्या बिचाऱ्यानं धरायचं कुनाला?" पुस्तकात याच गोष्टीला चार पानं लागली होती, आणि ती चार पानं वाचून मला काही कळलं नव्हतं.

डाय घासतानाही त्यांचा एक हट्ट होता. शेवटचे हात पत्रा ज्या दिशेने सरकणार त्याच दिशेने मारायचे, आणि पोलाद चमकायला लागायच्या आत थांबायचं. त्यांची डाय दिसायला अगदी फिकी, राखाडी. बघणाऱ्याला वाटावं काम अर्धवट सोडलंय. "आरशावर तेल थांबतंय व्हय?" ते म्हणायचे. "बारीक खरखर ठिवायची. तेलाला बसायला जागा पायजे." मी मान डोलवायचे. खोटं कशाला बोलू, मनातून मला वाटायचं, म्हाताऱ्याला हात दुखेपर्यंत घासायचा कंटाळा असेल.

त्या वर्षी खंडेनवमीला पुण्याचं गिऱ्हाईक पूजेला येणार होतं. आमच्याकडे खंडेनवमी म्हणजे मोठं काम. दोन दिवस आधीपासून प्रेस धुऊनपुसून, रंगाचा हात मारून, झेंडूच्या माळा घालून तयार. नेमकं तेव्हाच आप्पांच्या बायकोचं मिरजेला मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. जाताना त्यांनी मोठी डाय तेलाच्या फडक्यात गुंडाळली आणि मला बजावलं, "हिला हात लावू नका. नुसतं हळदीकुंकू वाहा." मी हो म्हटलं. पण फडकं सोडून पाटावर ठेवली तर ती राखाडी डाय इतकी कळकट दिसायला लागली, की मला पाहुण्यांसमोर लाज वाटली. सगळे साफसफाईत गुंतलेले होते. मी दोघांकडून ती उचलवून गाडीत टाकली, कोपऱ्यावरच्या बफिंगवाल्याकडे नेली आणि तासाभरात आरशासारखी करून आणली. पूजेच्या वेळी तिच्यात समईची ज्योत दिसत होती. साहेब, म्हणजे आमचे मालक, पाहुण्यांना म्हणाले, "आमचे आप्पा म्हणजे जादूगार!" मी समईची वात पुढे सारली. आप्पांचंच कौतुक होतंय, होऊ दे, असं स्वतःला समजावलं.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं आणि वाट्या फाटायला लागल्या. दहातल्या सहा-सात. बुडाजवळून चरचरत फाटायच्या, आणि डायवर पत्र्याचा चुरा चिकटून बसायचा. आप्पा मिरजेहून तसेच कामावर आले, गेटकडे बघत नख ओढलं आणि हात झटकन मागे घेतला. "कुनी घासली ही?" मला एकटीलाच विचारलं. मी म्हटलं, "पूजेसाठी जरा साफ केली."

दुपारी साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. आप्पा म्हणाले, "डाय लय गुळगुळीत झाली साहेब. तेल थांबत न्हाई."

"गुळगुळीत झाली म्हणून फाटतंय?" साहेब तडकले. "उद्या म्हणाल, स्वच्छ हात धुतले म्हणून आजारी पडलो! तेल कालवता तुम्ही, लावता तुम्ही. वय झालं, आता हात चालत नाही म्हणून सांगा सरळ." मग माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही इंजिनिअर. तुम्ही सांगा."

मला सगळं कळत होतं. एक वाक्य पुरे होतं. मी म्हटलं, "तेलाचाच प्रश्न वाटतो, सर."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. माझं नाव त्यांच्या जिभेवर होतं, घेतलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. त्यांनी घेतलं नाही. रिपोर्ट मी लिहिला, माझ्या सुवाच्य अक्षरात. कारण: तेल लावण्यात हलगर्जी. आप्पांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. साहेबांनी मी सुचवलेलं नवं महागडं तेल मागवलं. ते यायच्या आदल्या दिवशी मी दगड घेऊन बसले आणि पत्र्याच्या दिशेने, चमक जाईपर्यंत, ती डाय पुन्हा राखाडी केली. वाट्या धडाधड निघायला लागल्या. श्रेय नव्या तेलाला मिळालं आणि ते निवडलं म्हणून मला. वर्षभरात मी क्वालिटीची मुख्य झाले. आणि म्हाताऱ्याला घासायचा कंटाळा असेल असं मला वाटायचं!

आप्पा तासगावकडे एका बेदाण्याच्या शेडवर लागल्याचं कळलं, तरी तिथे जायला मला पाच वर्षं लागली. तिथे द्राक्षं सुकवण्याआधी ज्या पाण्यात बुडवतात, त्यातलं तेल ते कालवत होते. मला बघून खुर्ची पुसून दिली, मूठभर बेदाणे हातावर ठेवले. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मला कशाला सांगताय?" ते म्हणाले. "मला तवाच म्हाईत हुतं."

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"तुमी बोलाल म्हणून थांबलो हुतो. सुट्टीच्या भोंग्यापतूर थांबलो." बेदाण्याची काडी त्यांनी नखाने खुडून टाकली. "माजं नाव हितं न्हाई गेलं ताई, तिथं गेलंय. तिथं सांगा."

मी म्हटलं, सोमवारी सांगते. त्या सोमवारी ऑडिट होतं. पुढच्या सोमवारी साहेबांचा मूड बरा नव्हता. अशी दोन वर्षं गेली. आप्पा गेल्याचं मला त्यांच्या दिवसकार्यानंतर कळलं. मग मात्र मी मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत उभी राहिले आणि सांगितलं, डाय मी बिघडवली होती, आप्पांचं तेल बरोबर होतं. थू माझ्या जिंदगीवर, माणूस मेल्यावर मला धीर आला! साहेब म्हणाले, "जाऊ द्या हो मॅडम, गेला बिचारा. आता कशाला उकरून काढायचं?" मग चहा आला आणि मीटिंग पुढे सरकली.

आमच्या कारखान्यात तेल कमी पडून वाटी फाटली, की त्याला एक शब्द आहे. आप्पांना काढलं त्याच आठवड्यात कुणीतरी थट्टेने पाडला आणि तो टिकला. परवा एक नंबर प्रेसवरून आरोळी आली, "मॅडम, आप्पा झाला!" मी धावत गेले. ओरडणारी ऑपरेटर पोरगी दिवाळीनंतर लागलेली, कामाला चांगली. मी तिला म्हटलं, आप्पा नावाचे गृहस्थ होते इथे. ती फाटलेली वाटी बाजूला टाकत म्हणाली, "व्हय? मला वाटलं, इंग्लिश शब्द हाय."