चाळीतली सोललेली पुस्तकं

मामेभावाचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. नाशिकला माझं औषधांचं दुकान आहे. सकाळची वेळ गर्दीची असते हे त्याला आजवर शंभरदा सांगून झालंय, पण हा माणूस फोन करायचा तेव्हाच करतो.

"ताई, आजोबांच्या कांदाचाळीत वाचनालयाची पुस्तकं पडलीत. न्यायची तर ने. उन्हाळ कांदा काढायला घेतलाय, मला तो कप्पा लागंल. नायतर रद्दीवाल्याचा टेम्पो बोलावतो."

"कोणतं वाचनालय?"

"अगं, देवळामागचं. छप्पर बसलं तवा आजोबांनी समदी उचलून आणली ना. नवी खोली होईपर्यंत म्हणून. खोली काय झाली नाय."

मला असा संताप आला की समोरच्या गिऱ्हाइकाला मी खोकल्याच्या औषधाचे पैसेच मागितले नाहीत. माझं आजोळ लासलगावच्या अलीकडचं. लहानपणी दर मे महिन्यात मी त्या चाळीच्या सावलीत सागरगोटे खेळले. कांदा साठवायची ती लांबलचक जाळीची शेड, जमिनीपासून उचललेली, चारी बाजूंनी वारा खेळणारी. तिच्या शेवटच्या कप्प्यात, ताडपत्रीमागे, गावचं अख्खं वाचनालय ठेवलंय हे एकालाही सांगावंसं वाटलं नाही. का सांगितलं नाही म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सांगायचं काय त्यात? पुस्तकंच ती."

घरी जेवताना मी हे आईच्या कानावर घातलं. आई आता माझ्याकडेच असते. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झालाय. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. वाचणं तर सुटलंच. तिनं हातातला घास ताटात परत ठेवला.

"मग तेबी असंल तिथं," ती म्हणाली.

'ते' म्हणजे काय हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या घरात 'ते पुस्तक' एकच होतं. लग्नाआधी आई देवळामागच्या वाचनालयातून आणून एक कादंबरी वाचत होती. तिच्यातली बाई सासरच्या जाचाला कंटाळून अंगावरच्या लुगड्यानिशी घर सोडते आणि दिवस मावळताना नदीवर येते. नावाडी नाव सोडायच्या बेतात असतो. इथपर्यंत आईचं वाचून झालं आणि माझ्या वडिलांचे आजोबा आजारी पडले. त्यांच्या डोळ्यांदेखत लग्न व्हावं म्हणून तारीख अलीकडे ओढली. हळदीच्या दिवशी आई न्हाणीच्या आडोशाला बसून भराभरा वाचत होती, तर तिच्या वडिलांनी पुस्तक हातातून काढून घेतलं. लेक चांदवडकडं सासरी चालली, तिच्या नावावर वाचनालयाचं पुस्तक राहणं त्यांना शोभेना. ते तसेच उठून देऊन आले.

पुस्तकाचं नाव काय, कुणी लिहिलेलं, आईला सांगता येत नसे. तिथल्या सगळ्या पुस्तकांना खाकी कागद लावलेला असायचा आणि आतलं नावाचं पान तिनं कधी नीट पाहिलंच नव्हतं. आम्ही भावंडं लहान असताना ती ही गोष्ट सांगायची आणि नदीवर येऊन थांबायची. मग पलीकडे गेली का ती, असं आम्ही विचारलं की म्हणायची, "गेली असंल. न जाऊन सांगते कुणाला."

पण त्या दिवशी ताटावर बसून तिनं मला सरळ सांगितलं. "मला ते ऐकायचंय बाई. ती गेली का नाय, एवढं कळू दे. आता किती दिवस थांबू?"

दुसऱ्या दिवशी मी दुकान बहिणीच्या मुलीवर सोपवलं आणि आईला गाडीत घालून निघाले. सगळा रस्ता कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे. आई सारखी विचारत होती की त्यानं टेम्पो आधीच तर बोलावला नसेल ना.

बोलावला नव्हता. त्यानं ताडपत्री ओढली आणि मोठ्या दिमाखात म्हणाला, "बघ. एक पुस्तक सडलं नाय."

खरंच सडलं नव्हतं. जाळीतून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी आत येत होतं आणि फळ्यांवर, खांबांना टेकून, पुस्तकांचे तीन ढीग माझ्या खांद्याएवढे रचलेले होते. मी वरचं एक उचललं. त्याला कव्हर नव्हतं. दुसरं उचललं. त्यालाही नव्हतं. ना कव्हर, ना नावाचं पान, थेट मजकूर.

"अरे, यांची कव्हरं कुठं गेली?"

"काढली असतील बायांनी."

हळूहळू उलगडा झाला. दरवर्षी चाळीतला कांदा निवडायला बाया यायच्या. कांदा संपला की आजोबा त्यांना सांगायचे, तेवढी ती पुस्तकंही निवडून घ्या. मग त्या बापड्यांनी निवडली, जशी त्यांना येत होती तशी. कांद्याचं सुटं टरफल झाडून टाकायचं असतं, त्याखाली ओल धरते. पुस्तकाचं जे जे सुटलेलं दिसलं, ते ते झाडून टाकलं. आणि मग प्रतवारी केली. मोठा माल एकीकडे, मधला गोल्टा एकीकडे आणि बारकी गोल्टी तिसरीकडे. विषय नाही, लेखक नाही, सगळा हिशेब आकाराचा.

मी तिथल्या तिथं मामेभावाला फैलावर घेतलं. लेबल नसलेली बाटली मी उभ्या जन्मात कुणाच्या हातात दिली नाही, आणि इथं सगळं गावच बिनलेबलाचं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, पण वाळवी लागली का? उंदीर लागला? मग?"

आईला खुर्चीवर बसवलं. तिनं दोन्ही हात पुढं करून हवेत माप दाखवलं. "एवढं होतं. पाटाखाली सरकवलं की दिसायचं नाय." म्हणजे गोल्टा. बायांची प्रतवारी निदान एवढी तरी कामाला आली. मी मधल्या ढिगातून एकेक पुस्तक काढून तिच्या हातात द्यायची, ती चाचपून मान हलवायची, आणि मग मी पहिलं पान वाचायची, कारण ते कसलं पुस्तक आहे हे कळायला दुसरा मार्गच नव्हता.

आणि काय सांगू, त्या दोन दिवसांत मी जे पाहिलं त्यानं मी अवाक झाले.

पहिलं उघडलं तर मधमाश्या. लाल रंग त्यांना दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारे रंग दिसतात, हे मला या वयात, कांद्याच्या चाळीत कळलं. त्याच्याखालचं उघडलं तर एका बंगल्यात खून झालेला आणि पहिल्याच पानावर माळी खोटं बोलत होता. त्याखाली धूमकेतू. त्याखाली लोणची आणि मुरंबे. मग कुस्तीचे डाव, बारीक रेघांची माणसं काढून दाखवलेले. मग पार उत्तर टोकाकडच्या बर्फातला प्रवास, ज्यात माणसं आपल्या बुटांची चामडी उकडून खातात. हे ज्यानं वाचलं असेल त्यानं गोदावरीपलीकडे पाणीसुद्धा पाहिलेलं नसेल, पण त्या पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बिचारे.' शिवणकामातली बेतणी होती, साबण करायची रीत होती, सापांची चित्रं होती, दूर देशातल्या राज्यक्रांतीचा इतिहास होता, नाटकं होती. बुद्धिबळाचं एक होतं, त्यात कुणीतरी एका डावाची उत्तरं खोडून स्वतःची लिहिली होती. मी बुद्धिबळ खेळत नाही, नाहीतर कोण बरोबर ते तिथंच बघितलं असतं.

कव्हर असतं तर यातलं निम्मं मी बाजूला सारलं असतं. धूमकेतू म्हटल्यावर मी कशाला हात लावते? पण नावच नाही म्हटल्यावर प्रत्येकाला दोन पानं द्यावीच लागत होती, आणि दोन पानं दिली की ते धरून ठेवत होतं. मी औषधशास्त्र शिकलेली बाई, मला वाटायचं मी बरंच वाचलंय. त्या ढिगापुढं बसून मला स्वतःची कीव आली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की सांगता येत नाही. दिवसातून एकदा एसटी येणाऱ्या गावात माणसं हे सगळं वाचत होती. कंदिलाशी बसून आकाशातल्या धुळीचा विचार करत होती.

"वाचत बसू नको, शोध," आई मधूनमधून दटावायची. मग मधमाश्यांचं बाजूला ठेवलं की तीच म्हणायची, "पुढं काय केलं त्या राणीनं?"

एका पुस्तकापाशी मात्र आम्ही दोघीही थांबलो. ते सुईणपणाचं होतं. बाकीची पानं जवळजवळ कोरी करकरीत, पण एक पान तेलानं पारदर्शक झालेलं, कडा काळ्या पडलेल्या, मध्ये बोटांचे डाग. बाळ पायाळू असेल तर काय करायचं, ते पान होतं. कुणीतरी हे पुस्तक धावत नेलं होतं, दिव्याखाली धरलं होतं, आणि एकदा नाही, अनेकदा. मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझा धाकटा भाऊ पायाळू होता." म्हणजे मामेभावाचे वडील. मामेभाऊ दारात उभा होता. त्यानं आत येऊन ते पान पाहिलं, हात पँटला पुसले आणि मग हातात घेतलं. त्यानंतर रद्दीचं नाव त्यानं काढलं नाही. टेम्पो बोलावला, पण नाशिकला माझ्या घरी न्यायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गोल्ट्याचा ढीग संपत आला आणि आई पाय चोळत बसली होती, तेव्हा एक पुस्तक माझ्या हातात आपसूक उघडलं. पानाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा पिवळा ठसा होता. हळदीचा. मी पहिली ओळ वाचायला सुरुवात केली, नदी, मावळतीचं ऊन, आणि पुढचं वाक्य आई माझ्याआधी म्हणाली. शब्दाला शब्द तेच.

मी तिचा हात धरून तो कोपरा दाखवला. तिला दिसला की नाही कोण जाणे. "धुतले नव्हते हात," ती म्हणाली. "आई ओरडली होती."

तेवढ्यात मामेभावाच्या बायकोनं चहा आणला. आईचा चहा होईपर्यंत मी शेवटची पानं चाळली, आणि माझं डोकं फिरलं.

चहा झाला. आई खुर्चीत ताठ बसली. "वाच," म्हणाली.

औषध बदलून द्यायचं नाही, हा मी पाळलेला एकच धर्म. पण तिचा तो चेहरा बघून माझी जीभ वळली. मी वाचल्यासारखं करत म्हणाले की ती नावेत बसली, नाव पलीकडे लागली, तिथं एका गावात मुलींची शाळा होती, तिला तिथं नोकरी लागली.

"लगेच?" आई म्हणाली. "बाई, तू वाचतीयेस का सांगतीयेस? पुस्तकातल्या माणसांना इतक्या झटकन नोकरी लागत नाय."

मी पान उलटल्यासारखं केलं.

"हाय तसं वाच. मी काय लहान पोर हाय?"

मग मी आहे तसं वाचलं. नाव मध्यावर जाते. तिला घरचा देव्हारा आठवतो, सांजवात कोण लावील असं तिच्या मनात येतं. ती नावाड्याला नाव वळवायला सांगते. घरी येऊन नवऱ्याचे पाय धरते. तो तिला क्षमा करतो. सासू डोळे पुसते. समाप्त.

बाहेर ट्रॅक्टर रिकामा होत होता, फळीवरून कांदे घरंगळल्याचा आवाज येत होता. मला त्या लेखकाचा, जो कोण असेल त्याचा, मनस्वी राग आला होता. इतकी वर्षं थांबून तिच्या पदरात हे पडावं.

"तुला नाशिकच्या कॉलेजात घेतलं, तवा तुझी आजी दारात आडवी बसली होती," आई म्हणाली. "आठवतं?"

"आठवतं."

"तुझे वडील गप्प. घरात माझ्या बाजूनं एक माणूस नाय. मी चुलीपुढं बसून त्या बाईचा विचार करत होते. म्हटलं, ती एकटी, दिवस मावळताना नदी उतरून गेली. माझी पोर तर दिवसाउजेडी एसटीनं जाती." ती थांबली. "आणि ही बया परत आलेली."

मला हसू आलं आणि हसता हसता रडूच आलं. आईनं चाचपडत माझा हात शोधला.

"बरं झालं बाई माझं लग्न घाईत लागलं," ती म्हणाली. "हे वाचून सासरी गेले असते, तर तुला चांदवडच्या पुढं जाऊ दिलं नसतं."