हात लावायची चिनीमाती

घरात तिला सगळे ‘चुळबुळ’ म्हणत. जेवतानाही दोनदा उठल्याशिवाय तिला घास उतरत नसे. अशा बाईने चिनीमातीच्या कारखान्यात एका स्टुलावर बसून वर्षानुवर्षं कपांना कान चिकटवले, याचं तिच्या नवऱ्याला नवल वाटायचं. “कपांना कान लावता लावता यंत्रांच्या घरघरीने माझेच किटले,” ती म्हणायची.

तिला सलायचं ते वेगळंच. नणंदेकडे तिच्याच कारखान्यातला सेट काचेच्या कपाटात कुलूपबंद होता. चहा मात्र स्टीलच्या पेल्यात. “फुटला तर?” नणंद म्हणायची. मग बनवायचा कशाला, हा प्रश्न हिच्या डोक्यात भुंग्यासारखा शिरला.

कारखान्यातून खराब ठरलेली माती मागून आणून तिने मागच्या खोलीत काम मांडलं, परसात लहानशी भट्टी रचली. हातात घेतल्याशिवाय ज्यांना काही अर्थच नाही, अशा वस्तू तिला करायच्या होत्या. पहिला एक पोकळ गोळा, आत चिनीमातीचेच मणी. कलता केला की मणी पाण्यासारखे खळखळायला हवेत. पण भट्टीतून गोळा आला तो मुका. मणी भिंतीला चिकटलेले. पुढचा भट्टीतच फुटला, कारण हवेला वाट ठेवायची राहिली होती. शेवटी मणी आधी वेगळे भाजून, न चिकटणारी पांढरी भुकटी लावून, कागदात गुंडाळून तिने आत ठेवले आणि गोळ्याला बारीक भोक पाडलं. कागद भट्टीत जळून गेला. गोळा थंड होईपर्यंत तिने तीनदा चहा केला आणि एकदाही प्यायली नाही. मग हलवला, तर आत ओंजळभर ओढा वाहत होता.

त्यानंतर तिला उसंत राहिली नाही. फुंकर घातली की घुमणारी नळी केली. एक लांब वाकडी पन्हळ केली. दोघांनी दोन टोकं धरली तरच तिच्यातला मणी या हातातून त्या हातात जायचा.

गावातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये वस्तू मांडायची परवानगी मिळाली. ती पोहोचली तेव्हा व्यवस्थापकांनी टेबलांभोवती दोरी बांधून ‘हात लावू नये’ अशी पाटी उभी केली होती.

“अहो, हात लावायचा नाही तर यात बघण्यासारखं आहे काय?” तिने विचारलं.

“फुटलं तर आमच्यावर यायला नको.”

“फुटलं तर मी बघेन.” तिने दोरी सोडली, पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली.

तरीही लोक हात मागे बांधूनच फिरत राहिले. ती दारापर्यंत जायची, परत यायची. तेवढ्यात नणंद आली. बराच वेळ पन्हळीकडे बघून म्हणाली, “हे एकटीला जमायचं नाही. वहिनी, ते टोक धर ना.”

मणी सरकत गेला, परत आला. नणंद हसायला लागली, तसे चारजण जवळ आले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गोळा उचलला आणि त्यांच्या हातून तो निसटला. खळ्ळकन आवाज झाला. गृहस्थांचा चेहरा पांढरा पडला.

तिने केरसुणी आणली, तुकडे बाजूला केले, खोक्यातून दुसरा गोळा काढून त्यांच्या हातात ठेवला. “आता दोन्ही हातांनी धरा.”

मग हॉल नुसता वाजत राहिला. संध्याकाळपर्यंत आणखी काही गोळे फुटले.

घरी जाताना नवरा म्हणाला, “झालं ना मनासारखं? आता तरी स्वस्थ बस.”

ती हातातल्या पिशवीचा बंद पिळत चालली होती. “एक बाई तो गोळा गालाला लावून उभी होती,” ती म्हणाली. “गार लागत असणार. मी कानासाठी केला होता, गालाचं डोक्यातच आलं नव्हतं. जरा पसरट करायला हवा. आणि पातळ. पण पातळ केला तर भट्टीत खचेल…”

नवऱ्याने पिशवी तिच्या हातातून घेतली, तर तिची बोटं हवेतच काहीतरी वळत राहिली.