पालक: रावजी

१९ जून २०२५, गुरुवार. दुपारी उघडीप. वेदिका येऊन गेली. रावजी आले होते. त्यांना फणसाचे गरे दिले.

एवढे लिहून पेन खाली ठेवले.

वेदिका माझी नात, तिच्या आजोबांच्याच शाळेत शिकवते. आणीबाणीला पन्नास वर्षे झाली म्हणून शाळा पुस्तिका काढते आहे. शेजारी म्हणतात, तेव्हा एसटी वेळेवर सुटायची. माझा मुलगा म्हणतो, आमच्या घराने मान वाकवली नाही.

"आजोबांनी नसबंदीसाठी नावं द्यायला नकार दिला होता ना, आजी? तुझी शहात्तरची वही दे. ते पान छापू."

वहीत वेगळेच आहे. 'यांनी शाळेचे रजिस्टर घरी आणले. तीन मुले असलेल्या पालकांची यादी मी उतरवून दिली. एकवीस नावे.' कॉन्व्हेंटमध्ये वळवलेले माझे अक्षर तालुक्याच्या साहेबांना वाचायला बरे पडे.

सोळावे नाव रावजींचे. शाळेचे शिपाई, संगमेश्वरकडचे, वय पंचवीस, लग्नाला वर्षही झाले नव्हते. भाऊ-भावजय मुंबईत गिरणीच्या चाळीत. त्यांची तीन मुले रावजींकडे राहून शिकत. रजिस्टरात पालक म्हणून रावजी. मला हे ठाऊक होते, तरी हात थांबला नाही. चार दिवसांनी नसबंदीच्या शिबिराची जीप आली.

पुढे रावजींनी तेहतीस वर्षे शाळेची घंटा दिली. एकदाही उशीर नाही. बायको काशी मूलबाळ न होताच गेली. दर गुरुवारी ते माझ्या पडवीत येऊन बसतात.

आज त्यांना ते पान वाचून दाखवले.

"जीप कुठली, वैनी? मी चालत गेलो. गुर्जींनी नाव दिलाच न्हाय."

"नाव मी लिहिलं, रावजी. माझ्या हातानं."

ते गऱ्यातली आठळी काढत राहिले.

"लिवलंत तर लिवलंत. तीन पोरां व्हती ना घरात? धाकल्याकडंच ऱ्हातो मी आता. त्याची बायको ताट वाढते. छापलंत तर तो इचारील, काका, आमच्यापायी? पन्नास वर्सां त्याला कळू दिला न्हाय."

"मग वेदिकाला काय सांगू?"

"वाळवी लागली म्हना. कोकनात वाळवीवर कोन शक घेतो?"

माझ्या वह्यांना वाळवी लागत नाही, हे आळीतल्या पोराटोरांनाही माहीत आहे. दरवर्षी उन्हे दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून मी त्या ठेवते. आणि वही दिली नाही, तर मुलगा सांगतो तेच छापले जाणार, यांच्या फोटोखाली.

रावजी उठले, टोपी सारखी केली. "पुढल्या गुरवारी येतो," म्हणाले. नेहमी असे सांगून जात नाहीत.

पेन पुन्हा उचलले आणि खाली लिहिले: वेदिका उद्या सकाळी पुन्हा येणार. दूध अर्धा लिटर जास्त सांगितले.