न कापलेली पानं

वरच्या मजल्यावरच्या बाइंडरना सगळे खळमामा म्हणतात. काम सोडून कितीतरी वर्षं झाली, तरी हातांचा खळीचा वास जात नाही. बायको गेल्यावर त्यांनी दोघांच्या संसाराची हकीकत लिहिली, पदरमोड करून छापली आणि स्वतःच शिवली. मात्र कागदाच्या घड्या कापल्या नाहीत. वाचायचं तर सुरीने एकेक पान सोडवायचं.

"हा काय खुळेपणा?" मी विचारलं.

"वहिनी, तोंडदेखलं छान सगळेच म्हणतात. पानांना खोटं बोलता येत नाही."

त्यांच्या धाकट्या भावाकडे पुस्तक काचेच्या कपाटात होतं. भावजय म्हणाली, "वाचताना डोळ्यांत पाणी आलं हो, भाऊजी." खळमामांनी कडेवरून अंगठा फिरवला. एकही घडी सुटलेली नव्हती.

"झाकण न काढताच भाजीत मीठ बरोबर आहे म्हणाली," मला सांगताना ते हसले. पण पुढ्यातला कप उचलला नाही. चहावर साय धरली.

माझी प्रत शेवटपर्यंत कापलेली होती. ती चाळून म्हणाले, "तुमचा शेजारधर्म झाला. मला न ओळखणारा एक तरी हवा."

एक प्रत त्यांनी वाचनालयात दिली होती. दर शनिवारी जाऊन ती बघत. महिने गेले. एकदा धापा टाकत माझ्या दारात आले.

"पहिली घडी सुटलीय. केसांच्या पिनेनं फाडली असावी, पार दातेरी."

जन्मभर सरळ कड राखलेला माणूस त्या दातेरी कडेवर खूश होता. पुढे आणखी घड्या सुटल्या.

"कोण वाचतंय, विचारा ना तिथे."

"नको. वाचणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावू नये."

मग वाचन थांबलं, नेमकं बायकोच्या आजारपणापाशी.

"कंटाळलं असेल कुणी," मी बोलून गेले.

"मीही तिथंच अडलो होतो. पुढचं लिहायला वर्ष गेलं."

काल त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून मी सोबत गेले. पुढच्या घड्या तशाच मिटलेल्या होत्या. पण शेवटच्या सुटलेल्या पानात खुणेला एक काळी पिन ठेवलेली होती.

खळमामांनी तिला हात लावला नाही. पुस्तक अलगद मिटून जागेवर ठेवलं.

"परत यायचंय त्यांना," ते म्हणाले, आणि माझ्या आधी जिना उतरू लागले.