शिवण गार होईपर्यंत

शेवंताताई गेल्या हे मला बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. त्या चौथ्या मजल्यावर राहायच्या, मी अकराव्या. जुन्या चाळीत आमची दारं समोरासमोर होती, त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्या घरात ठसका लागायचा. आता करी रोडच्या या टॉवरमध्ये आमच्यामध्ये सात मजले होते, आणि शिवाय एक गोष्ट होती जिचा दोष टॉवरला देता येणार नाही. टाकी धुण्याच्या सूचनेखालीच त्यांच्या जाण्याचा मेसेज होता. त्यांच्या मुलीने, सुजाताने, मला वेगळा फोन केला नाही. का करावा? सहा वर्षांत मी त्या घराची पायरी चढले नव्हते. महिना उलटून गेला तरी मन ठिकाणावर नाही, म्हणून लिहायला बसले आहे. गेलेल्या माणसाचे गुण सगळेच सांगतात. मला त्यांच्या गुणांबरोबर माझा गुन्हाही सांगायचा आहे.

मी दहावीला नापास झाले तेव्हा आईने मला त्यांच्या हवाली केलं. ताई ब्लाऊज शिवायच्या, त्यातही पांढरे. आम्हा बौद्धांच्या घरात लग्नाला पांढरी साडी आणि मयतालाही पांढरी, त्यामुळे त्यांना बारा महिने काम असे. पांढऱ्यावर काही लपत नाही. खांद्यावर किंवा मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात तिथे, दोरा जरा आवळला गेला की चुण्या पडतात आणि नवा ब्लाऊज जुना दिसायला लागतो. ताईंच्या शिवणीला चुणी नसायची. मशीनवर कापड ओढायचं नाही, त्याला आपल्या पायाने चालू द्यायचं. एक शिवण मारली की उठायचं, ओलं फडकं टाकायचं, इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची. मग शिवण नखाने उघडून पुन्हा तेच. दाबलेल्या शिवणीवरूनच दुसरी शिवण न्यायची. मला या उठाबशांचा भयंकर कंटाळा यायचा. "शेवटी एकदाच इस्त्री मारली तर काय होतं हो?" मी एकदा वैतागून विचारलं. "गरम शिवण सगळ्यांसमोर गुणी असते, छाये," त्या म्हणाल्या. "गार झाली की खरी कळते."

म्हणून इस्त्री उचलली की त्या शिवणीवर धोटा ठेवून दोन्ही हातांनी दाबत आणि कापड गार होईपर्यंत हात काढत नसत. धोटा म्हणजे गिरणीच्या मागावर इकडून तिकडे धावणारा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला गुळगुळीत लाकडी तुकडा. त्यांचे सासरे गिरणीत होते, पण मागावर नव्हते. धोट्याच्या भोकातून दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या माणसाचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे... म्हणून त्या खात्यात आपल्यातल्यांना उभंच करत नसत. गिरणी बंद पडून भंगार निघालं तेव्हा ताईंच्या नवऱ्याने त्यातून एक धोटा उचलून आणला. "बाबांना हात लावू दिला नाही ना, आता घरात ठेवू," म्हणाला. ताईंनी तो शोभेला ठेवला नाही, कामाला लावला.

चाळ पाडायला रिकामी झाली तशी गिऱ्हाइकं पांगली. मी तोवर लोअर परळच्या एका कपड्यांच्या कारखान्यात चेकर झाले होते. खराब शिवणीवर लाल बाणाचं स्टिकर लावायचं, हे माझं काम. मीच शब्द टाकून ताईंना लाइनवर घेतलं. त्या पिशवीतून धोटा घेऊन आल्या आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक शिवणीनंतर इस्त्रीच्या टेबलाकडे जायला लागल्या. सुपरवायझर माझ्यावर उखडला. मी जाऊन म्हणाले, "ताई, इथे मधे इस्त्री नाही. शिवायचं आणि पुढे सरकवायचं." "चुण्या पडतील गं," त्या म्हणाल्या. "पडू द्या, टारगेट बघा," मी म्हणाले. हे मी म्हणाले, दुसऱ्या कोणी नाही.

चुण्या पडल्या. पातळ पांढऱ्या कापडाचे टॉप होते. एकेका टॉपवर मी चार-चार बाण लावले, नियमाप्रमाणे. माल परत आला तेव्हा मॅनेजर खाली उतरला आणि त्यांच्या मशीनसमोर उभं राहून त्याने मला विचारलं, "इनको काम आता है की नहीं? तुम लायी थी ना?" त्यांना इस्त्री करू द्या, असं एक वाक्य बोलायचं होतं. पण मग ती बंद कोणी करायला लावली हे निघालं असतं, आणि माझी नोकरी अजून पक्की नव्हती. मी म्हणाले, "हात गेलाय त्यांचा. वय झालं आता." ताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, डॉक्टरकडे बघावं तसं पाहिलं. मग टेप गुंडाळली, धोटा पिशवीत टाकला आणि "येते गं छाये" म्हणून निघून गेल्या.

टॉवर झाला आणि आम्ही परत एका छपराखाली आलो. त्या दिसल्या की मी लिफ्ट सोडून द्यायचे. शेवटची भेट मात्र लिफ्टमध्येच झाली. सुजाता त्यांना दवाखान्यातून आणत होती. हाडं राहिली होती नुसती. त्यांनी माझ्या खांद्यावरची शिवण दोन बोटांत धरून पाहिली. "रेडिमेड?" "हो," मी म्हणाले. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं आणि चौथा मजला आला.

ताई गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. मी मागे बसले. वंदना चालू होती आणि माझी नजर पुढच्या पाठींवर... सगळ्या बायका पांढऱ्यात, आणि निम्म्याहून जास्त ब्लाऊज ताईंच्या हातचे. मला मुंढ्यावरून ओळखू येतात. कितीदा धुतलेले, पण एकाही शिवणीला चुणी नाही. चुण्या असलेला, विकत आणलेला ब्लाऊज माझा होता. कार्यक्रम संपल्यावर मी सुजाताला म्हटलं, "शेवटपर्यंत शिवत होत्या ना गं?"

"कुठलं? फॅक्टरीतून आली ती बसलीच नाही मशीनवर," ती म्हणाली. "लोक कापड घेऊन यायचे, ही परत पाठवायची. हात गेलाय माझा, म्हणायची. आम्ही खूप समजावलं. तर म्हणे, छायाने बघून सांगितलंय. मीच शिकवलंय तिला, शिवणीच्या बाबतीत ती खोटं बोलायची नाही." मग म्हणाली, "जाताना अंगावर ब्लाऊज रेडिमेडच होता. घाईत आणला. मुंढ्याला चुण्या होत्या... मी साडीने झाकल्या."

मी तिथेच, खुर्च्या उचलणाऱ्या माणसांसमोर, तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. घरी जाऊन ती धोटा घेऊन आली. "आईने तुला द्यायला सांगितलं नव्हतं. मशीन कधीच विकली, मी काय करू याचं?" एवढं म्हणून तिने तो माझ्या हातात ठेवला.

दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा मी माझ्या त्या विकतच्या पांढऱ्या ब्लाऊजचा मुंढा उसवून पुन्हा शिवते. ओलं फडकं टाकते, इस्त्री ठेवते, उचलते, आणि धोटा ठेवून दोन्ही हातांनी दाबते. त्यांचा हात गेला नव्हता, हे त्यांना सांगायला चौथ्या मजल्यावर आता त्या नाहीत. शिवण गार होते. मी हात काढत नाही.