जाहिराती काढून मिळतील

कसबा पेठेत एका काकांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. सेट-टॉप बॉक्समध्ये रेकॉर्ड केलेले कार्यक्रम ते डीव्हीडीवर उतरवून देतात. कार्यक्रम जितका लांब, तितकाच वेळ उतरवायला लागतो, आणि तेवढा वेळ ते तो मन लावून बघतात. मग गिऱ्हाइकानं न विचारता अभिप्राय देतात. एका गृहस्थांना माझ्यासमोरच म्हणाले, "अहो, ही मालिका जपून ठेवताय? कोणावर राग आहे का?"

आमचा बॉक्स बदलायचा होता, म्हणून मी तो त्यांच्याकडे नेला. त्यात आईचा कार्यक्रम होता. एका वाहिनीवर तिनं अळूवडी करून दाखवली होती.

"आपण दिसता का यात?" त्यांनी विचारलं.

"नाही, फक्त आई."

"मग बघण्यासारखं असेल."

दोन दिवसांनी त्यांनी डिस्क हातात ठेवली. "जाहिराती काढल्यात. सूत्रसंचालिकाही काढली."

"अहो, त्यांना का?"

"दर वाक्याला आईंना तोडत होती. चिंच किती घालायची, ते कळायला मला तीनदा मागे जावं लागलं."

घरी डिस्क लावली. चित्र अधूनमधून उडी मारत होतं, पण आईचं बोलणं पहिल्यांदाच सलग ऐकू येत होतं. "छान झालंय हं," असं म्हणत मी अर्ध्यातच मोबाइल उचलला.

आई पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "माझं शेवटपर्यंत ऐकणारं पुण्यात कुणीतरी निघालं. उद्या वड्या करते, त्यांना नेऊन दे. तुझ्या वाट्याच्या."