न उघडणाऱ्या काचा

आमचं ऑफिस डिचोलीच्या नव्या इमारतीत हललं, तेव्हा विनोदिनीताईंनी सगळ्यांना पेढे वाटले होते. एसी, प्लायवूडची पार्टिशनं, भिंतभर काचा. आत शिरलं की गोंदाचा वास नाकाला झोंबायचा. श्रीनाथसाहेब म्हणायचे, “नव्याचा वास आहे, जाईल.” वास गेला नाही, आम्हाला त्याची सवय झाली. ताईंना मात्र झाली नाही.

त्यांचं टेबल कोपऱ्यात, झेरॉक्स मशीनला लागून. त्यांच्या नार्वे गावच्या फुगडीत नव्या सुनांना दमवणारी ही बाई आता खुर्चीत बसल्या बसल्या धापा टाकायची. गणेशचवथीच्या सुट्टीत घरी राहिल्या, खोकला पळाला. परत आल्या आणि दुपारपर्यंत छाती वाजायला लागली. आमच्यातल्या शहाण्यांनी वास मारायला सुगंधी फवारा मारला. त्याने तर त्या पार कासावीस झाल्या.

म्हापशाच्या डॉक्टरांनी दमा सांगितला. पार्टिशनच्या गोंदातून वायू सुटतो, बंद खोलीत तोच फिरत राहतो. साधा मास्क धूळ अडवतो, हा वायू अडवत नाही. खिडकी उघडा, नाहीतर जागा बदला.

“काचा उघडतच नाहीत, मी काय करू?” साहेब म्हणाले. आणि कामाची जागा बदलून ताईंनी जायचं कुठे? ताईंचे यजमान पांडुरंग खाणीवर होते. खाण बंद पडल्यापासून घर ताईंच्या पगारावर चालतं. ताईंनी घरी दम्याचं सांगितलं, तर ते हसले.

“माजा आख्खा आयुष्य धुळीत गेला, माका काय जाला ना. तुका एसीत बसान दमो कसो लागता?”

एका दुपारी ताईंना श्वासच घेता येईना. मी पांडुरंगभाऊंना फोन केला. ते आले, थोडा वेळ आत थांबले, तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काचांवरून हात फिरवत ते कडी शोधत राहिले. कडी नव्हतीच. मला त्या काचा फोडाव्याशा वाटल्या. ते ताईंना घेऊन गेले. आता हे त्यांना परत पाठवणार नाहीत, असं वाटलं. वाटलं काय, मी देवाकडे तेच मागितलं.

सोमवारी ताई कामावर हजर. तोंडावर खाणीवरचा जुना मास्क, धुऊनही लाल मातीचे डाग न गेलेला, नवं इलास्टिक शिवलेला.

“ह्यांनी दिलो,” त्या म्हणाल्या. “नोकरी सोड म्हणूक गेले, पण तोंडातसून शब्द येयना. मगे ह्यो सोदून काडलो, आपणच धुतलो.”

“मास्कबद्दल डॉक्टर काय म्हणाले होते, विसरलात?”

“इसराक ना. तू ह्यांका सांगू नको.”